खोळीत रजई सरकू नये म्हणून

डबल बेडची मायक्रोफायबरची रजई आणि तिच्यावर सॅटिन विणीची सुती खोळ, ही जोडी आता पुण्यात घरोघरी दिसते. खोळीत रजई एका बाजूला गोळा होण्याची तक्रारही याच जोडीची सगळ्यात जास्त. अशीच एक जोडी दुरुस्तीला घेतली, त्या कामाचा सगळा क्रम मापांसकट लिहिते आहे.

सरकण्याचं कारण आधी. आपण पांघरूण ओढतो तेव्हा मुठीत येते ती खोळ. आतली रजई स्वतःच्या वजनाने जागीच राहते. मायक्रोफायबरचं कवच गुळगुळीत, सॅटिन विणीचं कापडही गुळगुळीत, त्यामुळे दर ओढीला खोळ दोन बोटं पुढे येते आणि रजई तेवढीच मागे राहते. पायाने पांघरूण लोटलं की ही चूक भरून निघत नाही, कारण लोटताना खोळ नुसती चुरगळते, रजईला मागे नेत नाही. म्हणून सरकणं एकाच दिशेने साठत जातं. पुण्याच्या थंडीत त्यात भर पडते. डिसेंबर-जानेवारीत रात्री झोपताना साधी चादर पुरते आणि पहाटे पारा 10-12 अंशांवर येतो, काही रात्री त्याच्याही खाली. झोपताना पायगतीला लोटलेली रजई पहाटे अर्धवट झोपेत गळ्यापर्यंत ओढली जाते, तीही नेहमी त्याच दोन-तीन ठिकाणी धरून. उशाकडचे दोन कोपरे रिकामे आणि पायगतीला गठ्ठा, हे रोजचं चित्र इथून येतं.

काम सुरू करण्याआधी एक तपासणी करावीच लागते. रजई खोळीतून काढायची, दोघांनी चार कोपरे धरून खिडकीसमोर उजेडात ताणायची. आतलं भरण सगळीकडे सारखं दिसलं तर दोष बांधणीचा. कुठे कापडाचे नुसते दोन पदर आणि कुठे गोळे दिसले, तर आतलं भरणच सुटलं आहे, आणि तिथे कितीही बंद, म्हणजे खोळीला आतून शिवून रजईला बांधायच्या नाड्या, लावले तरी उपयोग नाही. या रजईत 5-6 इंचांच्या चौकटींची शिवण शाबूत होती, म्हणजे काम खोळीचंच होतं.

मग माप. हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि बंद लावूनही रजई का हलते याचं उत्तर तिथेच असतं. वेष्टनावर छापलेलं माप होतं 90 बाय 100 इंच. प्रत्यक्षात रजई भरली 88 बाय 97. हे नेहमीचं आहे. छापलेलं माप पुष्कळदा कापडाचं असतं, भरण आणि चौकटींची शिवण त्यातले दोन-तीन इंच खाते. खोळ मात्र 92 बाय 104. आता 97 इंचांची रजई 104 इंचांच्या खोळीत म्हणजे लांबीत 7 इंच मोकळी जागा. इतकी जागा असेल तर चार कोपऱ्यांचे बंद रजईला धरतात, पण मधला भाग खोळीत हेलकावे घेतो आणि सगळा ताण कोपऱ्यांच्या टाक्यांवर येतो. पहिल्या महिन्यातच टाका उसवतो.

खोळीला लगेच कात्री लावू नये. सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटू शकतं, म्हणजे 100 इंचांत 3 ते 5 इंच. आधी खोळ कोमट पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजली. ती 90.5 बाय 101 झाली. आता नेमकं किती आत घ्यायचं ते कळलं. खोळ रजईच्या मापाची किंवा तिच्याहून इंचभर लहान असेल तर रजई कोपऱ्यापर्यंत भरते आणि सरकायला जागाच उरत नाही. मी अर्धा ते एक इंच सैल ठेवते, कारण हीच खोळ पुढेही थोडी आटते आणि फार घट्ट खोळीत रजई दबून तिची ऊब कमी होते. ऊब भरणातल्या हवेची असते, ती हवा दाबून टाकायची नाही. उशाच्या बाजूला 3 इंच आणि दोन्ही लांब बाजूंना प्रत्येकी 1 इंच आत शिवण घ्यायची ठरली. तयार माप 88.5 बाय 98.

कडेचं जादा कापड कापून टाकलेलं नाही. कुणाला हे आत शिवण घेणं नको वाटत असेल तर दुसरा सोपा उपाय आहे. खोळ सुलटी ठेवून कडेपासून दीड-दोन इंच आतून चारी बाजूंनी पक्की शिवण मारायची, तोंडाच्या बाजूला अर्थातच फक्त वरच्या पदराला. बाहेर सपाट पट्टी राहते, दिसायलाही बरी दिसते, आणि आतली जागा रुंदीत तीन-चार आणि लांबीत दीड-दोन इंचांनी कमी होते. फक्त मग बंद त्या नव्या शिवणीवर हाताने लावावे लागतात, म्हणून मी या वेळी हा मार्ग घेतला नाही.

आता बंद. खोळीला बंद आणि रजईला लूप, म्हणजे बंद ओवायची कापडी कडी, ही वाटणी ठेवलेली बरी. बाजारातल्या पुष्कळ रजयांना कोपऱ्यांत लूप असतात, त्यामुळे नवी खोळ आणली तरी जुळते. कापडी टेप सुती आणि अर्धा इंच रुंद घ्यावी. तुळशीबागेत आणि बोहरी आळीत शिवणसामानाच्या दुकानांत ती मीटरवर मिळते. सॅटिनची रिबन किंवा नायलॉनची पट्टी दुकानदार हमखास पुढे करतो, ती घेऊ नका. दिसते छान, पण गुळगुळीत असल्यामुळे गाठ आपोआप सुटते. टेपही आधी पाण्यात बुडवून वाळवायची, तीसुद्धा आटते.

डबल रजईला मी नऊ जागा धरते. चार कोपरे, दोन लांब बाजूंचे मध्य, उशाच्या बाजूचा मध्य, आणि पायगतीला कोपऱ्यांच्या मधे दोन. पायगतीला दोन एवढ्यासाठी की खोळीचं तोंड तिथे असतं, त्या बाजूला रजईला अडवणारी शिवणच नसते. नुसते चार कोपरे बांधून थांबलं तर 88 इंचांची ती अख्खी बाजू दोन टोकांवर लोंबते आणि पायाच्या अंगठ्याने रजईचा मध्य तोंडातून बाहेर येतो. प्रत्येक बंदाला 16 इंच टेप, मधोमध दुमडून, म्हणजे 8-8 इंचांची दोन टोकं. नऊ बंदांचे 144 इंच. प्रत्येक लूपला 4 इंच, नऊ लूपचे 36. एकूण 180 इंच, साधारण 4.6 मीटर. 5 मीटर आणली. टोकं दोनदा दुमडून शिवायची किंवा तिरकी कापून बारीक काठ घालायचा, नाहीतर धुण्यात दोरे निघतात.

खुणा करण्याची पद्धत महत्त्वाची आहे. खोळीचं माप वेगळं, रजईचं वेगळं, असं स्वतंत्र मोजून खुणा केल्या तर दोन्हीकडच्या जागा एकदोन इंचांनी चुकतात आणि बांधल्यावर कडेला चुण्या पडतात. म्हणून खोळ उलटी करून पलंगावर पसरली, वर रजई ठेवली, उशाच्या बाजूचे दोन कोपरे नव्या शिवणीच्या रेघेवर अचूक जुळवले आणि नऊही ठिकाणी शिंप्याच्या खडूने दोन्हींवर एकाच वेळी खूण केली. रजईच्या पायगतीला मधोमध लाल दोऱ्याचे चार टाकेही घातले. 88 बाय 97 ची रजई डोळ्याला चौकोनीच वाटते. ती आडवी घातली गेली तर एका बाजूला 9-10 इंच कमी पडते आणि दुसरीकडे तेवढीच कोंबावी लागते. लाल खुणेमुळे दर वेळी मोजायचा त्रास वाचतो.

नवी शिवण मारतानाच बंद लावून टाकले, वेगळं काम राहिलं नाही. खोळ उलटीच होती. दुमडलेल्या टेपचा मध्य शिवणीच्या रेघेवर, वरच्या बाजूला ठेवायचा आणि टोकं काठाकडे बाहेर सोडायची. मशीन त्यावरून पुढे-मागे-पुढे असं तीनदा न्यायचं. सुई 14 नंबरची, टाका 2.5 मिलिमीटर, दोरा पॉलिएस्टरचा. टेप खोळीच्या दोन पदरांच्या मधे घालायची नाही. तसं केलं तर खोळ सुलटी केल्यावर सगळे बंद बाहेर लोंबतात आणि शिवण उसवण्याशिवाय इलाज नसतो. कोपऱ्यात मात्र टेप अगदी टोकावर न ठेवता एका बाजूच्या शिवणीवर, कोपऱ्यापासून अर्धा इंच अलीकडे ठेवली. टोकावर चार-सहा पदर जमतात, तिथे सुई मोडते आणि टाका नीट बसत नाही.

रजईचे लूप हातानेच लावायचे. या रजईच्या कडेला गोट, म्हणजे काठावर दुमडून शिवलेली पट्टी, होता, म्हणून काम सोपं झालं. 4 इंचांची टेप दुमडून तिची टोकं गोटाच्या शिवणीवर अर्धा इंच चढवली आणि उलट्या टाक्याने छोटा चौकोन शिवला, प्रत्येक बाजूला पाच-सहा टाके, सुई गोटाच्या सगळ्या पदरांतून आरपार. तयार लूप दीड इंचाच्या आत राहतो. लूप लांब ठेवला की बंद बांधूनही रजई तेवढी हलते आणि कोपरा रिकामा राहतो, म्हणून तो बोट जेमतेम जाईल एवढाच हवा. लूप गोट सोडून मधल्या कापडावर शिवायचा मोह होतो, कारण तिथे सुई सहज जाते. पण ते कवच फार तलम असतं. पहाटेची एक जोरदार ओढ अर्ध्या इंचाच्या जागेवर येते, कापड विरतं, आणि त्या भोकातून तंतू बाहेर यायला लागतात. गोट नसलेली रजई असेल तर प्रत्येक जागी मांजरपाटाचा 2 इंचांचा तुकडा काठावरून दोन्हीकडे दुमडून आधी शिवावा आणि लूप त्या तुकड्यावर लावावा.

तोंडाचं काम यानंतर. मूळ खोळीत पायगतीची पूर्ण 92 इंचांची बाजू उघडी होती आणि तिला सहा बटणं, म्हणजे दोन बटणांत 13 इंचांची फट. एवढ्या फटीत पाय जातो, आणि पाय गेला की रजई बाहेर आलीच. दोन्ही टोकांकडून 20-20 इंच तोंड कायमचं शिवून टाकलं. मधे 48.5 इंच उरलं, रजई घालायला ते पुरतं. त्यात सात बटणं, म्हणजे दर 6 इंचांवर एक. सहा जुनी काढून लावली, एक नवं, आणि काजं टेलरकडून नव्या जागी करून घेतली. या 20 इंच शिवण्याचा फायदा बटणांपेक्षाही मोठा आहे. पायगतीचे दोन्ही कोपरे आता खिशासारखे झाले, रजईचे कोपरे त्यात बसले की बंद सुटला तरी बाहेर येत नाहीत. कुणाला बंदबिंद काहीच लावायचं नसेल तर निदान एवढं जरूर करावं. पायगतीचे मधले दोन बंद तोंडाच्या खालच्या पदराच्या दुमडीवर लावले. वरच्या पदराला लावले तर बटणं उघडताना रजई त्याच्याबरोबर वर उचलली जाते.

रजई घालणं दोघांचं काम असल्यासारखं केलं जातं, पण गुंडाळीच्या पद्धतीने एकट्याला जमतं. खोळ उलटी, तोंड पायगतीला. वर रजई, लाल खूण पायगतीला. उशाकडचे तीन आणि बाजूंचे दोन बंद आधी बांधायचे. सुरगाठ बांधायची, निरगाठ नको, धुवायला काढताना नखं तुटतात. गाठ लूपला अगदी टेकली पाहिजे. मग उशाच्या बाजूने खोळ आणि रजई एकत्र घट्ट गुंडाळत पायगतीपर्यंत आणायची. तोंडात हात घालून खोळीचं टोक गुंडाळीच्या एका टोकावरून उलटवायचं, मग दुसऱ्या टोकावरून, आणि गुंडाळी उशाकडे उलगडत जायची. खोळ सुलटी होऊन रजईवर बसते. शेवटी तोंडातून हात घालून पायगतीचे चार बंद बांधायचे आणि बटणं लावायची. उलगडताना कुठे पीळ दिसला तर बहुधा बाजूचा एखादा बंद दुसऱ्या बाजूच्या लूपमध्ये गेलेला असतो. जोराने झटकून तो सुटत नाही, गाठ सोडूनच नीट करावं लागतं.

तपासायचं असं. उशाचे दोन कोपरे धरून दहा वेळा झटकायचं. मग उशाच्या बाजूचा मध्य मुठीत धरून, पायगत गादीखाली दाबून, दोन-तीन झटके द्यायचे. चारही कोपऱ्यांत बोटांनी चाचपायचं, भरण टोकापर्यंत लागलं पाहिजे. शेवटी रजईच्या मधोमध खोळीचं कापड चिमटीत उचलून पाहायचं. मूठभर कापड हातात आलं तर खोळ अजून मोठी आहे, आणखी एक शिवण घ्यावी. या खोळीत दोन बोटांएवढं आलं, ते बरोबर आहे.

बंदांऐवजी इतर गोष्टी लोक वापरतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. सेफ्टी पिन एका रात्रीची सोय म्हणून ठीक, तीही फक्त गोटातून. पावसाळ्यात गंज धरून पांढऱ्या खोळीवर डाग पडतो, आणि लहान मुलांच्या पांघरुणात उघडलेली पिन नको. वेल्क्रोची काटेरी बाजू धुण्यात खोळीलाच चिकटते, कापडाला गोंडे येतात, धागे-केस अडकून महिन्यात पकड जाते. टिचबटण चांगलं, पण त्याची एक खोड माहीत हवी. सपाट ओढलं तर ते खूप ताण घेतं, काठाने उचललं की पटकन उघडतं. म्हणून ते थेट रजईवर आणि खोळीवर समोरासमोर लावू नये. खोळीला 4 इंचांची पट्टी शिवून तिच्याच दोन टोकांना टिचबटण लावावं आणि पट्टी रजईच्या लूपमधून ओवून बंद करावी. मग बटणावर ओढ येते ती सपाट, काठाने उचलणारी नाही. संधिवाताने बोटं आखडलेल्या माणसाला गाठीपेक्षा हे फार सोयीचं पडतं. गादीच्या चादरीला लावतात त्या इलॅस्टिकच्या क्लिपा इथे चालत नाहीत, त्या कोपरा आत ओढून गोळा करतात.

खोळ नवीनच शिवायची असेल तर कापड निवडतानाच निम्मं काम होतं. साध्या विणीचं, थोडं खरखरीत सुती कापड रजईला धरून ठेवतं. वरचा पदर आवडीच्या कापडाचा आणि खालचा मांजरपाटाचा केला तरी सरकणं खूप कमी होतं. सिंगल रजईला जुनं सुती नऊवारी अगदी मापात बसतं. नऊ वार म्हणजे 324 इंच. त्याचे 95 इंचांचे तीन तुकडे केले की 285 इंच जातात, उरलेल्या 39 इंचांतून तोंडाची झडप आणि ठिगळं निघतात. पन्हा 45 इंच असेल तर तीन तुकडे शेजारी शेजारी जोडून 133 इंचांच्या आसपास रुंदी मिळते, ती दुमडली की 60 इंचांची रजई आरामात मावते, जादा भाग आत शिवणीत घ्यायचा. काठ कुठे येतील ते आधी मांडून पाहावं. सहावारीत मात्र हे जमत नाही, कापड कमी पडतं. जुन्या लुगड्याचं कापड विरलेलं असतं, म्हणून प्रत्येक बंदाखाली दीड इंचाचं दुपदरी ठिगळ हवंच.

कापसाच्या रजईचं गणित निराळं. ती जड असते, तिचं कवचही सुती, त्यामुळे खोळीत ती फारशी सरकत नाही. तिच्यात गोळे होतात ते कापसाचे. अशी रजई गादी कारखान्यात देऊन कापूस पिंजून घ्यावा आणि परत भरताना टाके एकमेकांपासून चार बोटांपेक्षा लांब नकोत असं आधीच सांगावं. वजन जास्त म्हणून तिला लूप लावायचे तर टेप पाऊण इंच रुंद घ्यावी आणि दुहेरी शिवावी.

धुताना खोळीचे बंद जोडीजोडीने सैल बांधून, बटणं लावून, खोळ उलटीच मशीनमध्ये टाकावी. मोकळे बंद एकमेकांत पीळ घेतात आणि त्यांच्याबरोबर शिवण ओढली जाते. रजई धुवायची ती फेब्रुवारी ते मेच्या उन्हात. पावसाळ्यात आतलं भरण वाळत नाही आणि कुबट वास धरतं. धुतल्यावर नऊही लूप ओढून पाहावेत, एखादा टाका ढिला दिसला तर तेव्हाच दोन टाके घालावेत.

सिंगल रजईला, म्हणजे 60 बाय 90 इंचांच्या, सहा जागा पुरतात, चार कोपरे आणि लांब बाजूंचे दोन मध्य. तोंडाकडून दोन्ही टोकं 12-12 इंच शिवून टाकली तर मधे 36 इंच उरतात, त्याला पाच बटणं. टेप लागते 120 इंच, आटण धरून 3.5 मीटर घ्यावी.